महामारीत गाठ सापडली, तर दार कुठलं ठोठवायचं होतं?

मनवा (धागाकर्ती)

एप्रिल २०२०. टाळेबंदीचा तिसरा आठवडा असेल. आई अंघोळ करून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "अगं, इथे हात लाव बरं." डाव्या काखेच्या खाली, वाटाण्याएवढं, बोटाखालून सरकणारं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. आईचं पुढचं वाक्य: "दुखत नाही ना, मग राहू दे. आत्ता त्या डॉक्टरांच्या मागे काय कमी व्याप आहेत?"

तरी आठवड्याभराने तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. फाटकावर ताप मोजणाऱ्याने विचारलं, ताप? नाही. खोकला? नाही. धाप लागते? नाही. मग कशाला आलात? आईने 'गाठ' म्हणायला तोंड उघडलं, मागे उभ्या असलेल्या वीसेक पुरुषांकडे पाहिलं आणि "छातीत जरा..." एवढंच म्हणाली. छातीत म्हटल्यावर त्याने आम्हाला तापाच्या रांगेत उभं केलं.

दोन तास त्या रांगेत. स्वॅब झाला. आतल्या डॉक्टरांना मी गाठीचं सांगितलं तेव्हा त्यांनी लांबूनच ऐकून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं: 'तातडीचे नाही. ओपीडी सुरू झाल्यावर येणे.' तो कागद आजही फाइलमध्ये पहिला आहे. चार घड्या घालून आईने तो पर्समध्ये ठेवला होता, त्यामुळे 'तातडीचे' आणि 'नाही' यांच्या मधोमध फाटलाय.

गाठीचा तुकडा काढून तपासला तो नोव्हेंबरमध्ये. तोवर गाठ लिंबाएवढी. कर्करोग, तिसरी स्टेज. केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन सगळं सरकारी व्यवस्थेतच झालं आणि मनापासून सांगते, फार मायेने झालं. आई आज आहे, दर सहा महिन्यांनी दाखवून येते. तेव्हा हा धागा शिव्या घालायला काढलेला नाही.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. नोव्हेंबरमध्ये रिपोर्ट हातात आला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी दारं उघडली. पास मिळाला, तारीख मिळाली, नावाने हाक मारणारी सिस्टर मिळाली. बाई तीच, गाठही तीच. एप्रिलमध्ये तिच्याकडे कागद नव्हता, एवढाच फरक. ज्याचं निदान झालंय तो कर्करुग्ण, त्याच्यासाठी यादी असते. ज्याचं व्हायचंय त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

माझा प्रश्न असा: पुढची महामारी आली तर सार्वजनिक रुग्णालयात निदानाचं दार कसं उघडं ठेवायचं? तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर, सिस्टर, प्रयोगशाळेतली मंडळी असतील तर जरूर लिहा.

रानजाई

मनवा, आईंना नमस्कार सांग. 'छातीत जरा' वाचून पोटात कालवलं. माझ्या मावशीचं असंच आहे, सविस्तर नंतर लिहिते.

दुर्बीण

हे एका फाटकावरचं नव्हतं, ते आधी मांडतो, कारण प्रश्न व्यवस्थेचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला महामारी म्हटलं. मे महिन्यात त्यांनी १५५ देशांना विचारलं तेव्हा ४२ टक्के देशांत कर्करोगाचे उपचार थोडेफार किंवा पूर्ण विस्कळीत झालेले होते. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या चाचण्यांसारखे सार्वजनिक कार्यक्रम निम्म्याहून जास्त देशांनी पुढे ढकलले होते. इंग्लंडात कर्करोगाच्या संशयावरून तातडीने पुढे पाठवलेले रुग्ण एप्रिल २०१९ मध्ये सुमारे १ लाख ९९ हजार होते, एप्रिल २०२० मध्ये ८० हजारांच्याही आत. अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगशाळा-साखळीच्या नोंदींनुसार सहा कर्करोगांची दर आठवड्याची नवी निदानं मार्च-एप्रिलमध्ये ४६ टक्क्यांनी घसरली.

भारताचा अभ्यास राष्ट्रीय कर्करोग ग्रिडच्या, म्हणजे देशभरातल्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यातल्या, ४१ केंद्रांचा आहे, लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये आलेला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी, आदल्या वर्षीच्या याच महिन्यांच्या तुलनेत, १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. ५४ टक्के घट. त्याच तीन महिन्यांत रेडिओथेरपी घटली ती २३ टक्के.

मनवा, तुमचा मुद्दा या दोन आकड्यांत आहे. आत असलेल्यांचं कसंबसं चालू राहिलं, उंबऱ्याबाहेरच्यांचं थांबलं. रोग काही निम्म्यावर आला नव्हता.

गणोबा

बाबांचं लिहितो. त्यांना जून २०२० मध्ये खोकला सुरू झाला. कोरडा, रात्री जास्त. सरकारी केंद्रात नेलं, स्वॅब, निगेटिव्ह. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा निगेटिव्ह, पुन्हा आम्ही खूश. असं चार वेळा झालं. चारही वेळा घरात सगळ्यांना फोन करून 'निगेटिव्ह आलं' सांगितलं. निगेटिव्ह म्हणजे काही नाही, असंच आम्ही धरून चाललो.

पाचव्या वेळी एक तरुण डॉक्टर होती. तिने चारही रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, "कोविड नाही हे कळलं. मग खोकला कशाचा आहे?"

हा प्रश्न चार महिन्यांत आम्हालाही पडला नव्हता. तिने त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात वर डाग होता. बाबा पुढच्या वर्षी गेले. ती डॉक्टर पहिल्याच वेळी भेटली असती तर, हे मी अजून मनातून काढू शकलेलो नाही.

सायंतारा

गणोबा, काय लिहू कळत नाही. तो प्रश्न प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

रात्रपाळी

मी त्या फाटकाच्या आतल्या बाजूला होतो. २०२० मध्ये सर्जरीचा निवासी डॉक्टर होतो एका सार्वजनिक रुग्णालयात, म्हणून दुसरी बाजू लिहितो. मनवाच्या आईंच्या केसपेपरवर लिहिणारा मी नव्हतो, पण असू शकलो असतो. तसे कागद मी लिहिलेत.

एप्रिलमध्ये आमचा सर्जरीचा वॉर्ड कोविड वॉर्ड झाला. भूलतज्ज्ञ सगळे अतिदक्षतेत. गाठींची ओपीडी ज्या खोलीत चालायची तिथे स्वॅब घ्यायला सुरुवात झाली, कारण त्या खोलीला दोन दारं होती. वरून आदेश आला: इलेक्टिव्ह सगळं बंद.

या 'इलेक्टिव्ह'वर थोडं बोलायला हवं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'ठरवून करायचं'. फुटलेल्या अपेंडिक्ससारखं रात्री दोनला उठून करावं लागत नाही, एवढंच. त्या काळात त्याचा अर्थ 'नाही केलं तरी चालेल' असा होऊन बसला आणि तुकडा काढायची दहा मिनिटांची तपासणीसुद्धा त्यात गेली.

भीतीही खरी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून एक अभ्यास आला की कर्करुग्णांना कोविड जास्त जड जातो. १५९० कोविड रुग्णांपैकी कर्करोग असलेले फक्त १८, पण आमच्या हातात तेवढंच होतं. दुर्बिणीतून, नळी घालून करायच्या तपासण्यांत हवेतून विषाणू पसरेल म्हणून घसा, अन्ननलिका, फुप्फुस, आतडं या सगळ्यांच्या स्कोपी थांबल्या. तुम्हाला हॉस्पिटलात बोलावून आपणच आजार देऊ की काय, असं रोज वाटायचं. बेपर्वाई कुणी केली नाही. पण मनवा म्हणते ते चुकीचंही नाही. गाठ हाताला लागलेली बाई आणि हर्नियाचं तारीख मिळालेलं ऑपरेशन आम्ही एकाच खणात टाकलं.

उलटतपासणी

सगळं खरं, पण लोकांचंही बघा. दवाखाने उघडे होते तिथेही माणसं गेली नाहीत. संसर्गाच्या भीतीने घरात बसली आणि आता व्यवस्थेला दोष. मनवा यांच्या आईच म्हणाल्या ना, राहू दे?

रानजाई

उलटतपासणी, म्हणाल्या आणि तरी गेल्या. जाऊन परत आल्या. पुन्हा वाचा.

आता मावशीचं. तिला तोंडात जीभेच्या कडेला जखम होती, दोन महिने भरत नव्हती. फोनवर डॉक्टरांना दाखवली, व्हिडिओ कॉलवर. अंधुक उजेडात, मोबाइल तोंडासमोर धरून, जीभ बाजूला ओढून. डॉक्टर म्हणाले दात लागतोय, मलम लावा. त्यांचं तरी काय चुकलं? तोंडातली जखम हात लावून बघायची असते, कडा टणक आहे का, मान चाचपायची असते. फोनवर ते कसं होणार? प्रत्यक्ष तपासणीला गेली तेव्हाही "मास्क काढू नका" हे पहिलं वाक्य. तोंडाच्या कर्करोगाचं संशयित ठिकाण डोळ्यांना दिसतं, हेच त्याच्या निदानातलं सगळ्यात मोठं सुदैव. आणि वर्षभर जगातली सगळी तोंडं झाकलेली होती.

मावशी बरी आहे. जिभेचा तुकडा गेला, बोलताना 'र' नीट येत नाही. पण तासन् तास बोलते आणि आम्ही ऐकतो.

मुक्ताई_७

मावशींना दीर्घायुष्य. 'र' नसला तरी चालेल.

काचपट्टी

नावावरून कळलं असेलच, मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रुग्ण आमच्यापर्यंत येत नाही, त्याची बाटली येते. आमच्या टेबलावरून २०२० कसं दिसलं ते सांगते.

एरवी सकाळी बाटल्यांच्या रांगा लागतात. एप्रिलमध्ये एके दिवशी मी ट्रे मांडला आणि त्यात चार बाटल्या होत्या. घड्याळाची टिकटिक ऐकू यायची त्या खोलीत. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे बरोबर नाही. बाकीची माणसं कुठे आहेत?

तुकडा काढला की तो लगेच फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, जावा लागतो, तुकड्याच्या दहापट तरी द्रव हवा. स्तनाच्या तुकड्याला कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. त्यापेक्षा जास्त राहिला तर कर्करोग आहे की नाही ते कळतं, पण हार्मोनच्या चाचण्या, ज्यांवर पुढचं औषध ठरतं, त्यांच्यावर पूर्ण भरवसा राहत नाही. टाळेबंदीत बाहेरगावच्या बाटल्या पाचव्या-सहाव्या दिवशी यायच्या, कारण आणणारी गाडीच नव्हती. एकदा एका ठिकाणी फॉर्मलिन संपलं म्हणून कुणीतरी सलाइनमध्ये तुकडा घालून पाठवला. बाटली उघडल्यावरच कळलं. सलाइनमध्ये पेशी टिकत नाहीत, विरघळत जातात. त्या बाईंना पुन्हा बोलवावं लागलं. त्या आल्या की नाही, मला कळलं नाही. आमच्याकडे ते कळत नाही.

मग तुकडा अल्कोहोल, झायलीनमधून जातो, मेणात बसतो. त्या मेणाच्या वडीचे चारेक मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे. कापांची फीत निघते, ती कोमट पाण्यावर सोडायची. पाण्यावर ती उलगडते, सुरकुत्या जातात आणि काचपट्टी खालून तिरकी घालून अलगद उचलायची. इथे घाई चालत नाही. आमच्यातल्या दोघींना आरटी-पीसीआरच्या कामाला नेलं होतं, तिथेही माणसं हवीच होती. राहिलो दोघी. जुलैनंतर बाटल्यांचा लोंढा आला तेव्हाही दोघीच. रिपोर्टला आठवड्याचे तीन आठवडे झाले. मनवा, तुमच्या सात महिन्यांत आमचेही काही दिवस असतील.

वाचणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट: ती मेणाची वडी, म्हणजे ब्लॉक, वर्षानुवर्षं चांगली राहते. दुसऱ्या रुग्णालयात गेलात आणि पुन्हा तपासायचं म्हणाले तर दर वेळी नवा तुकडा काढावा लागत नाही. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या.

दुर्बीण

काचपट्टी, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. चार बाटल्यांचं चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

जुना_वाचक

अवांतर होतंय, पण तुकडा काढला की रोग पसरतो असं म्हणतात त्याचं काय? आमच्या घरात एकांनी याच भीतीने वर्ष घालवलं. महामारीचं निमित्त झालं.

रात्रपाळी

जुना_वाचक, हे अवांतर नाही. स्तनाच्या गाठीत सुईने तुकडा काढल्यामुळे आजार पसरून रुग्णाचं नुकसान होतं, असं दिसलेलं नाही. ज्या मोजक्या ठिकाणी आम्ही आधी सुई घालत नाही, उदाहरणार्थ वृषणाची गाठ, तिथे ते आम्हाला शिकवलेलं असतं. लोकांना जे दिसतं ते असं: तुकडा काढला, रिपोर्ट आला, मग महिनाभरात माणूस खालावला. तो आजार आधीच पुढे गेलेला असतो, सुईवर आळ येतो.

केवडा

माझा अनुभव उलटा आहे, लिहू का? सप्टेंबर २०२० मध्ये मला कोविड झाला, श्वास लागला म्हणून सरकारी रुग्णालयात छातीचा सीटी केला. त्यात फुप्फुसं ठीक, पण खाली डोकावलेल्या डाव्या मूत्रपिंडावर गाठ. मला काहीही त्रास नव्हता. रेडिओलॉजिस्टने रिपोर्टच्या शेवटी एक ओळ लिहिली होती आणि घरी सोडताना सिस्टरने ती पेनने अधोरेखित करून दिली. "ताई, हे विसरू नका." महिन्याभराने ऑपरेशन. मूत्रपिंडाचा थोडासा भाग गेला, बाकी मी ठणठणीत. कोविड झाला नसता तर ती गाठ केव्हा कळली असती कोण जाणे.

ती अधोरेखित ओळ हेच माझं नशीब. रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य वाचत जा, सगळ्यांना सांगते.

लेकुरवाळी

केवडा, किती छान! माझा पण छोटा किस्सा. २०२१ मध्ये लस घेतल्यावर त्याच बाजूच्या काखेत गाठी आल्या आणि मी चार रात्री झोपले नाही. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, लसीनंतर तिथल्या लसीका ग्रंथी सुजतात म्हणाले, काही आठवडे थांबून परत बोलावलं. तोवर गेल्या. तेव्हा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) लसीच्या आधी करा किंवा नंतर चार-सहा आठवडे थांबा असंही सांगायचे, याच कारणाने. पण डॉक्टरांनी तारीख लिहून परत बोलावलं हे महत्त्वाचं. 'राहू द्या' म्हणाले नाहीत.

दर्यावर्दी

मी बरीच वर्षं परदेशी आहे. इथे आतड्याच्या कर्करोगासाठी घरी नळी येते, शौचाचा एवढासा नमुना काडीने घेऊन पोस्टाने पाठवायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधतात. २०२० च्या वसंतात ती नळी पाठवणंच बंद झालं. पण त्याच वेळी एक चांगलं झालं: कोलोनोस्कोपीची (नळी घालून आतडं आतून बघण्याची) क्षमता उरली नव्हती म्हणून लक्षणं असलेल्यांनाही आधी ही चाचणी देऊन कुणाला लवकर घ्यायचं ते ठरवायला लागले. आता ती पद्धत रुळली आहे.

माझ्या सासऱ्यांनी ती नळी इतकी जपली की कागदपत्रांच्या कपाटात कुलूप लावून ठेवली, घराच्या दस्तऐवजांशेजारी. सासूबाईंना वास आल्यावर कपाट उघडलं. नमुना वाया गेला, पण घरात इतकं हसू बऱ्याच महिन्यांनी झालं. दुसरी नळी मागवली, त्यात रक्त सापडलं, आतड्यात पॉलिप (मांसाचा छोटा कोंब) होता, काढला. वेळेत.

मुक्ताई_७

दस्तऐवजांशेजारी! सासऱ्यांना लवून नमस्कार.

सुरंगी

मी आरोग्यसेविका आहे. हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

आम्ही त्या दिवसांत घरोघर फिरलो. उन्हात, पावसात, काही ठिकाणी लोकांनी दारं लावून घेतली. हातात कागद असायचा: ताप, खोकला, धाप, घरात माणसं किती. गावंच्या गावं आणि वस्त्याच्या वस्त्या पिंजून काढल्या. इतक्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत कधी कुणी गेलं नसेल. आणि त्या कागदावर पुढचा प्रश्न नव्हता. कुठे गाठ आहे का, न भरणारी जखम आहे का, अंगावरून नको तेव्हा रक्त जातं का. तीन गोष्टी विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

एका घरी एका बाईने दारातूनच हाक मारून विचारलं होतं, "सिस्टर, पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आता परत अंगावर जातंय, चालतं का?" मी म्हणाले, नाही चालत, पण आता ओपीडी बंद आहे, उघडली की या. नाव लिहून घेतलं वहीच्या मागच्या पानावर. सप्टेंबरमध्ये मी स्वतः तिला घेऊन गेले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, पहिल्याच टप्प्यात होता, ऑपरेशन झालं. वहीच्या मागच्या पानावर अशी अकरा नावं होती. त्यांचं कुणी विचारलं नव्हतं, मीच लिहिली होती. अकरांपैकी तिघींच्या घरी जायचं माझ्याकडून राहून गेलं.

मनवा (धागाकर्ती)

सुरंगीताई, मला हीच यादी हवी होती. वहीच्या मागच्या पानावरची. ती पुढच्या पानावर यायला हवी होती.

रात्रपाळी, तुम्हाला एक विचारायचं होतं, धागा काढायच्या आधीपासून. एप्रिलमध्येच तुकडा काढला असता तर आईची स्टेज वेगळी असती का? आईसमोर हा प्रश्न कधी काढलेला नाही.

दुर्बीण

रात्रपाळी लिहितीलच, आकड्यांपुरतं मी सांगतो. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या विश्लेषणात शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर म्हणजे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं.

रात्रपाळी

दुर्बीण, तो अभ्यास चांगला आहे, पण तो निदान झाल्यानंतर उपचाराला झालेल्या उशिराचा आहे. निदानाआधीचा उशीर मोजायला त्याहून अवघड. शिवाय ती सापेक्ष वाढ आहे, म्हणजे आधीच्या धोक्याच्या तुलनेतली. शंभरातले आठ जण जास्त गेले असा त्याचा अर्थ नाही. एका माणसावर तो गुणाकार लावू नये.

मनवा, खरं ते सांगतो. एखादीची गाठ काही आठवड्यांत दुप्पट होते, दुसरीची वर्षभरातही फार हलत नाही. वाटाण्याची लिंबाएवढी झाली म्हणजे तुमच्या आईंची वाढत होती. एप्रिलमध्ये ती लहान होती, हे नक्की. काखेतल्या ग्रंथींत तेव्हा पोचली होती की नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. बहुधा उपचार हलके झाले असते. 'बहुधा'च्या पुढे मी जाणार नाही. आणि तुम्ही आठवड्याभरात नेलं होतंत. तुमच्या वाटणीचं काम तुम्ही केलं होतं.

तुमच्या मूळ प्रश्नावर: जमतं, हे त्याच वर्षी दिसलं होतं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या, शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू नाही. सहा जणांना नंतर कोविड झाला, सहाही बरे झाले. कर्करोगाची सेवा का थांबवू नये हे तिथल्या डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी त्याच एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ५५ देशांतल्या नऊ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात, कोविड रुग्णांपासून पूर्ण वेगळ्या मार्गाने शस्त्रक्रिया झालेल्यांत फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्के होती, मिश्र ठिकाणी ४.९. म्हणजे वेगळा जिना, वेगळी खोली, वेगळी माणसं.

निदानाला तर त्याहून कमी लागतं. एक खोली, एक सोनोग्राफी यंत्र, एक सुई, फॉर्मलिनच्या बाटल्या आणि काचपट्टी यांच्यासारखी चार माणसं, जी काहीही झालं तरी दुसरीकडे नेली जाणार नाहीत. आदेशातच लिहायचं: इलेक्टिव्ह बंद, निदान चालू.

काचपट्टी

आणि बाटल्यांची गाडी. तेवढी एक गाडी चालू ठेवा, बाकी आम्ही बघतो.

उलटतपासणी

मी वर घाईने लिहिलं होतं. सुरंगीताईंचा प्रतिसाद वाचून शब्द मागे घेतो. मनवा, आईंची माफी मागतो.

गणोबा

रात्रपाळी, यात एक भर घाला. निगेटिव्ह रिपोर्ट देताना खाली छापलेलं असावं: त्रास तीन आठवड्यांत गेला नाही तर पुन्हा या, एक्स-रे काढू.

रात्रपाळी

घातली, गणोबा. सगळ्यात वर घालायला हवी.

मनवा (धागाकर्ती)

काल रात्री आईला सगळा धागा वाचून दाखवला. रात्रपाळींचं उत्तरही. वाचावं की नाही, अर्धा तास ठरत नव्हतं. तिने शांतपणे ऐकलं. "बहुधा म्हणालाय ना, खरा डॉक्टर आहे," एवढंच म्हणाली. काचपट्टींच्या पाण्यावरच्या फितीचं दोनदा वाचायला लावलं. आपला तुकडा कुणीतरी इतक्या हलक्या हाताने उचलला असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग म्हणाली, लिही माझ्या नावाने. तिचे शब्द तसेच देते:

"खोल्या, यंत्रं ते डॉक्टर लोक ठरवतील. मला फाटकाचं सांगायचंय. तिथे एक बाई बसवा. आडोसा करा, साडीचा केला तरी चालेल. बाईने बाईला आडोशात विचारलं असतं, कुठे दुखतंय, कुठे काही हाताला लागतंय का, तर मी पहिल्याच दिवशी गाठ म्हणाले असते. वीस माणसांत मला तो शब्द उच्चारता आला नाही. माझ्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांनीही छातीतच सांगितलं असेल तर?"

सुरंगी

आईंना सांगा, सोमवारी आमची बैठक आहे. हे जसंच्या तसं वाचून दाखवते. आणि वही शोधून ठेवली आहे, त्या तिघींच्या घरी उद्या जाते.